डेने लोकांचं निसर्गज्ञान आणि मुलांचं वाढणं

डेने हे कॅनडाच्या वायव्येकडचे, ग्रेट स्लेव्ह लेक आणि मॅकेन्झी नदीच्या आसपासचे मूळ रहिवासी. चिपेवायन, त्लिचो, स्लेव्ही, ग्विचिन असे बरेच गट यात येतात, भाषा अथाबास्कन कुळातल्या, म्हणजे अमेरिकेतले नवाहो भाषेच्या नात्याने यांचे लांबचे भाऊबंद लागतात.

यांच्याकडे पोराला समोर बसवून शिकवणं फारसं नव्हतंच. पोर मोठ्यांच्या मागेमागे फिरणार, जाळं कसं टाकतात, बर्फ कुठे पातळ आहे ते बघणार आणि मग एक दिवस स्वतःच करून बघणार. अल्बर्टातल्या डेने था लोकांत तर स्वतः पाहिलेलं-अनुभवलेलं तेच खरं ज्ञान, ऐकीव माहितीला तेवढी किंमत नाही, त्यामुळे सारखं 'का, कसं' विचारणाऱ्याला उत्तराऐवजी बऱ्याचदा एखादी गोष्टच ऐकायला मिळते (आपल्याकडच्या क्लासवाल्यांना हे झेपणार नाही!). मूसचं (हे एक भलंमोठं हरीण) कातडं कमावणं घ्या ना, आधी खरवडायचं, मग जनावराच्या मेंदूने मऊ करायचं, मग धुरी द्यायची, हे पुस्तकातून येणारच नाही, आजीच्या शेजारी बसूनच हाताला कळतं.

यात रीतभातही आलीच. कॅरिबूला (उत्तरेकडचं रानटी रेनडिअर) काठीने मारायचं नाही, अपमान झाला तर कळप परत येत नाही असं चिपेवायन मानतात. शिकार झाली की मांस वाटायचं, आणि नदीला किंवा विस्तवाला काहीतरी वाहायचं.

मग मिशनच्या निवासी शाळा आल्या, पोरं वर्षाचे बरेच महिने घरापासून तोडली गेली, भाषाही तुटली. कॅनडा सरकारने माफी मागितली ती २००८ साली. त्याआधीच त्लिचो प्रमुख जिमी ब्रुनो म्हणायचे की पोरं दोन माणसांइतकी बळकट व्हावीत, डेने आणि गोऱ्यांचं असं दोन्हीकडचं शिकलेली. १९९३ मध्ये शाळांसाठी 'डेने केदे' अभ्यासक्रम आला, त्यात रानात जाऊन राहणं हाही धडाच.

पण बघायला जनावर तर हवं. याच भागातल्या बॅथर्स्ट नावाच्या कळपात १९८६ मध्ये साधारण ४ लाख ७० हजार कॅरिबू होते, २०१८ मध्ये जेमतेम ८ हजार २००. म्हणून २०१६ पासून त्लिचो जाणती माणसं कॉन्टवॉयटो तलावाकाठी पायी हिंडून कळपावर नजर ठेवतात, शिकाऱ्यासारखंच दबकत, थांबत, पण मारायला नाही, नुसतं बघायला.