विंडोज ११ आल्यावर काट्याचं वजन का दिसेनासं होतं?

विंडोज १० साठीची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्यामुळे दुकानं, सेवा केंद्रं आणि वर्कशॉपमधले कितीतरी संगणक विंडोज ११ वर गेले, अजूनही जात आहेत. अपग्रेड झाल्यावर संगणक नीट सुरू होतो, इंटरनेट चालतं, हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडतं. पण लातूरच्या आडतीत काट्यावरचं सोयाबीनचं वजन बिलात उतरत नाही, नांदेडच्या सेवा केंद्रात अंगठ्याचा स्कॅनर सापडत नाही, वाळूजच्या वर्कशॉपमध्ये मशीनला जोडलेली केबल संगणक ओळखत नाही. काटा, स्कॅनर आणि मशीन बहुतेक वेळा धडधाकट असतात. बिघाड असतो तो ड्रायव्हरमध्ये, आणि दुरुस्तीसाठी यंत्र बदलण्याआधी हा ड्रायव्हर नेमका कसा निवडला जातो हे समजून घेणं फार उपयोगाचं आहे.

ड्रायव्हर म्हणजे एखादं उपकरण आणि विंडोज यांच्यामधला दुभाषी प्रोग्राम. साधे प्रोग्राम प्रोसेसरच्या मर्यादित अधिकारांत चालतात. एक बंद पडला तर तेवढीच खिडकी बंद होते. अनेक ड्रायव्हर मात्र विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, पूर्ण अधिकारांनिशी चालतात. तिथे एका ड्रायव्हरने चुकीच्या जागची मेमरी वाचली तर पुढचं नुकसान टाळण्यासाठी विंडोज सगळा संगणकच थांबवतं. निळा पडदा दिसतो तो यामुळे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले. ते सॉफ्टवेअरही कर्नलमध्येच चालत होतं.

निवड कशी होते?

प्रत्येक उपकरण संगणकाला जोडताच आपला ओळख क्रमांक सांगतं. आतल्या कार्डांसाठी त्यात उत्पादकाचा आणि उपकरणाचा असे दोन भाग असतात. ८०८६ म्हणजे इंटेल, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १०ईसी म्हणजे रिअलटेक. यूएसबी उपकरणांची रचनाही अशीच असते. विंडोजपाशी ड्रायव्हरचं एक कोठार असतं, ड्रायव्हर स्टोअर. ओळख क्रमांक मिळाला की त्या कोठारातले जुळणारे ड्रायव्हर काढून त्यांना गुण दिले जातात. नेमक्या त्याच उपकरणासाठी लिहिलेला ड्रायव्हर हा त्या प्रकारच्या कोणत्याही उपकरणाला चालेल अशा ड्रायव्हरपेक्षा वरचढ ठरतो. गुण सारखे असतील तर नवी तारीख जिंकते आणि तारीखही सारखी असेल तर आवृत्तीचा मोठा क्रमांक जिंकतो.

या नियमामुळे एक गंमतीशीर गोष्ट दिसते. विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या बहुतेक ड्रायव्हरवर २१ जून २००६ ही तारीख असते आणि इंटेलच्या चिपसेटच्या अनेक फाइल्सवर तर १८ जुलै १९६८. दुसरी तारीख इंटेलच्या स्थापनेची आहे. हे ड्रायव्हर जुने नसतात. तारीख मुद्दाम मागची ठेवलेली असते, म्हणजे गुण सारखे असताना उत्पादकाचा खास ड्रायव्हर जिंकावा. २००६ बघून घाबरून तो ‘अपडेट’ करायला जाऊ नका. ‘तुमचे ४० ड्रायव्हर जुने आहेत’ असं सांगून पैसे मागणारे प्रोग्राम नेमक्या या तारखांवर बोट ठेवतात. ते अजिबात वापरू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. चालू असलेल्या पाच गोष्टी ते बिघडवू शकतात आणि नेमकं काय बदललं हे नंतर शोधणं कठीण होतं.

‘अपडेट ड्रायव्हर’ दाबल्यावर ‘सर्वोत्तम ड्रायव्हर आधीच आहे’ असं उत्तर येतं, त्याचाही अर्थ आता कळेल. सर्वोत्तम म्हणजे गुणांच्या नियमाने पहिला आलेला. तो तुमच्या उपकरणावर चालतोच याची हमी त्यात नाही.

अपग्रेडमध्ये काय होतं? नवी विंडोज जवळजवळ नव्याने बसते, जुन्या कोठारातले चालण्यासारखे ड्रायव्हर तिकडे नेले जातात आणि सगळ्या उपकरणांची मोजणी पुन्हा होते. या पुनर्मोजणीत विंडोज अपडेटकडून आलेला एखादा नवा ड्रायव्हर तुमच्या चालत्या ड्रायव्हरला मागे टाकतो. आजच्या काळात ‘ड्रायव्हर कॉन्फ्लिक्ट’ म्हणजे बहुतांशी हेच. विंडोज ९५ च्या दिवसांत साउंड कार्ड आणि मोडेम एकाच इंटरप्ट क्रमांकासाठी भांडत, तो प्रकार आता क्वचितच आढळतो.

डिव्हाइस मॅनेजरमधले आकडे

पहिलं काम म्हणजे रीस्टार्ट. शट डाउन नव्हे. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउन करताना कर्नलची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच पुन्हा उघडते. अडकलेला ड्रायव्हरही तसाच परत येतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं.

नंतर स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळं चिन्ह असलेल्या नावावर डबल क्लिक केलं की एक कोड दिसतो. तो लिहून घ्या, कारण इलाज त्यावरच ठरतो. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे, पण उपकरण सुरू होत नाही. कोड ४३ म्हणजे उपकरणाने स्वतःच अडचण कळवली. इथे केबल, यूएसबीचा खाचा किंवा उपकरण खरोखर खराब असू शकतं, म्हणून आधी ते दुसऱ्या संगणकावर लावून पाहा. कोड ३९ म्हणजे ड्रायव्हरची फाइल खराब किंवा गायब आहे आणि कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरवरची उत्पादकाची डिजिटल सही विंडोजला पटत नाही.

नाव ‘अननोन डिव्हाइस’ असेल तर प्रॉपर्टीजमध्ये ‘डिटेल्स’ आणि मग ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. तिथला ओळख क्रमांक घेऊन थेट उत्पादकाच्या संकेतस्थळावर जा. लॅपटॉप असेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या पानावर, तुमच्या मॉडेलखाली.

काट्याची केबल

मोंढ्यातल्या तक्रारींचं मूळ पुष्कळदा या केबलमध्ये असतं, म्हणून इथे जरा थांबू. इलेक्ट्रॉनिक काट्याचा डिस्प्ले वजन पाठवतो ते जुन्या सीरियल पद्धतीने. नव्या संगणकाला तसं पोर्ट नसतं, म्हणून मध्ये यूएसबी-सीरियल केबल लागते. या केबलच्या टोकाच्या गाठीत एक चिप असते. जुन्या केबलमध्ये प्रोलिफिक कंपनीची पीएल२३०३ ही चिप, किंवा तिची नक्कल, खूप आढळते. त्या मालिकेतली एचएक्सए ही जुनी जात कंपनीने बंद केली आहे. विंडोज ११ वर नवा ड्रायव्हर बसला की डिव्हाइस मॅनेजरमध्ये उपकरणाच्या नावाच्या जागी, ही चिप २०१२ पासून बंद आहे, पुरवठादाराशी संपर्क साधा, अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर दिसतो. केबल काल चालत होती आणि आज चालत नाही, कारण नवा ड्रायव्हर त्या चिपला जाणूनबुजून नाकारतो.

तात्पुरता उपाय असा: उपकरणावर उजवी क्लिक, ‘अपडेट ड्रायव्हर’, ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’, मग ‘लेट मी पिक’. यादीत जुनी आवृत्ती दिसली तर ती निवडा. पण पुढचं एखादं विंडोज अपडेट पुन्हा नवा ड्रायव्हर आणू शकतं, आणि ऐन हंगामात गाडी काट्यावर उभी असताना हे झालं तर रांग लागते. एफटीडीआय कंपनीच्या चिपची किंवा सिलिकॉन लॅब्सच्या सीपी२१०२ चिपची नवी केबल घेणं हा कायमचा इलाज.

केबल बदलली तरी वजन येत नाही, अशीही वेळ येते. तेव्हा कॉम पोर्टचा, म्हणजे विंडोजने त्या सीरियल जोडणीला दिलेला, क्रमांक तपासा. ज्या केबलमध्ये स्वतःचा अनुक्रमांक नसतो, तिला विंडोज यूएसबीच्या खाचावरून ओळखतं. तीच केबल शेजारच्या खाचात लावली की ती नवं उपकरण ठरते आणि तिला नवा क्रमांक मिळतो. सॉफ्टवेअर कॉम ३ वर कान लावून बसलेलं, केबल मात्र कॉम ७ वर बोलते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘पोर्ट्स’ उघडा, केबलच्या ‘पोर्ट सेटिंग्ज’मध्ये ‘अॅडव्हान्स्ड’ दाबा आणि क्रमांक ३ करा. ‘इन यूज’ दिसत असेल तर ‘व्ह्यू’मधून ‘शो हिडन डिव्हाइसेस’ चालू करा. फिकट दिसणारी पोर्टं म्हणजे कधीकाळी लावलेल्या केबलच्या नोंदी. त्या अनइन्स्टॉल केल्या की क्रमांक मोकळा होतो. बॉड रेट (माहिती पाठवण्याचा वेग), डेटा बिट आणि पॅरिटी (चूक ओळखण्याची खूण) काट्याच्या डिस्प्लेवरच्या सेटिंगशी तंतोतंत जुळायला हवेत. ९६००, ८, नो पॅरिटी, १ स्टॉप बिट हा संच बऱ्याच ठिकाणी असतो, पण काट्याचं पुस्तक पाहूनच भरा. बॉड रेट चुकला तर वजनाऐवजी विचित्र अक्षरं येतात. काहीच आलं नाही तर आधी पोर्ट पाहा, अक्षरं आली तर बॉड रेट.

स्कॅनर, टोकन आणि मेमरी इंटिग्रिटी

आधारच्या अंगठा स्कॅनरला दोन गोष्टी लागतात: ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस, म्हणजे स्कॅनरने घेतलेला ठसा सुरक्षितपणे पोर्टलला देणारा प्रोग्राम. डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्कॅनर नीट दिसत असेल आणि तरी पोर्टलवर सापडत नसेल, तर ड्रायव्हरच्या मागे लागू नका. आरडी सर्व्हिस पुन्हा बसवा. स्कॅनरच दिसत नसेल तर तो काढा, जुना ड्रायव्हर अनइन्स्टॉल करा, रीस्टार्ट करा, कंपनीचा नवा ड्रायव्हर बसवा, मग स्कॅनर लावा आणि शेवटी सर्व्हिस. उपकरण आधी लावलं तर विंडोज कोठारातला जुनाच ड्रायव्हर उचलू शकतं. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनलाही हाच क्रम ठेवा.

अनइन्स्टॉल करताना येणाऱ्या चौकटीत ड्रायव्हरही काढून टाकण्याची खूण असते. ती केली नाही तर फक्त नोंद जाते, ड्रायव्हर कोठारातच राहतो आणि पुढच्या रीस्टार्टला परत येतो. ‘तीनदा काढला तरी येतोच’ या तक्रारीचं कारण बहुधा हेच.

विंडोज ११ मध्ये ‘कोअर आयसोलेशन’खाली ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाचं संरक्षण आहे. ते चालू असलं की कर्नलमध्ये संशयास्पद पद्धतीने वागणाऱ्या जुन्या ड्रायव्हरना प्रवेश मिळत नाही. विंडोज सिक्युरिटीच्या त्या पानावर विसंगत ड्रायव्हरच्या फाइलचं नाव दिसतं. नाव बघून तो कोणत्या उपकरणाचा ते शोधा. अनेकदा घरात नसलेल्या प्रिंटरचा किंवा जुन्या डोंगलचा निघतो. तो काढा. एका स्कॅनरसाठी सगळं संरक्षण बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण ज्या संगणकावर लोकांचे आधार तपशील हाताळले जातात तिथे तो धोकादायक आहे.

निळा पडदा आला तर

पडद्यावरचा स्टॉप कोड मोबाइलने टिपून ठेवा. ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर पाहा: ग्राफिक्स चिपने साधारण २ सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज तिला पुन्हा सुरू करू पाहतं, आणि तेही जमलं नाही की हा पडदा येतो. सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरवर चालणाऱ्या विंडोजमध्ये, जाऊन डिव्हाइस मॅनेजरमधून ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करा. ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणजे डिस्कपर्यंत पोचवणारा ड्रायव्हर बदलला किंवा बायोसमधली डिस्कची पद्धत बदलली. पडद्यावर शेवट ‘डॉट एसवायएस’ असलेलं फाइलचं नाव आलं तर तपासाची सुरुवात तिथूनच करा.

इंटेलच्या ११ व्या पिढीच्या काही लॅपटॉपमध्ये आवाजाचा स्मार्ट साउंड ड्रायव्हर १०.२९.०.५१५२ किंवा १०.३०.०.५१५२ असेल तर विंडोज ११ वर निळा पडदा येत असे, म्हणून मायक्रोसॉफ्टने अशा संगणकांचं अपग्रेडच रोखून धरलं होतं. शेवटचा आकडा ५७१४ किंवा पुढचा असलेला ड्रायव्हर त्यावर उपाय ठरला. अपग्रेडचं निमंत्रण येत नसेल तर ते जबरदस्तीने करू नका. रोखण्यामागे असं कारण असू शकतं. दोन अँटिव्हायरस एकत्र असतील तर एक अपग्रेडच्या आधीच काढा, कारण दोघांचेही ड्रायव्हर प्रत्येक फाइलच्या वाटेत उभे राहतात.

आधीची तयारी आणि परतीची वाट

अपग्रेडच्या आधी विंडोजमधल्याच पीएनपीयुटिल या साधनाने, कमांड प्रॉम्प्टमधून, बाहेरचे सगळे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर काढून ठेवता येतात. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. भारनियमनाची वेळ टाळा, डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच. ड्रायव्हर बदलत असताना वीज गेली तर संगणक अर्धवट अवस्थेत अडकतो. वाय-फायचा ड्रायव्हर गेला तर घाबरू नका: अँड्रॉइड मोबाइल यूएसबीने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा, त्यासाठीचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीच असतो.

काहीच जुळलं नाही तर सेटिंग्जमधल्या ‘रिकव्हरी’त ‘गो बॅक’ आहे. ही सोय १० दिवसच राहते, आणि ‘विंडोज डॉट ओल्ड’ हे फोल्डर जागा मोकळी करण्यासाठी पुसलं तर त्याआधीच संपते. म्हणून काटा, प्रिंटर, स्कॅनर सगळं पहिल्याच दिवशी चालवून पाहा.

काही उपकरणांसाठी मात्र वाट नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिटचं आहे. ज्या जुन्या प्रिंटरचा किंवा काट्याच्या कार्डाचा ड्रायव्हर केवळ ३२ बिटचाच निघाला, तो इथे बसणार नाही. तशा उपकरणासाठी जुना संगणक विंडोज १० सह वेगळा ठेवा, त्याचं इंटरनेट पूर्ण काढा, आणि वजनाची फाइल पेनड्राइव्हने बिलाच्या संगणकावर न्या. पेनड्राइव्ह परत लावण्याआधी दर वेळी बिलाच्या संगणकावरच्या अँटिव्हायरसने तपासा.