प्रतिजैविक-रोध (बडोद्याच्या संदर्भात)

एखाद्या औषधाने पूर्वी जो जिवाणू मरत असे किंवा ज्याची वाढ थांबत असे, त्याने त्याच औषधाला दाद न देणे म्हणजे प्रतिजैविक-रोध (अँटिबायोटिक रेझिस्टन्स). ‘माझ्या शरीराला आता ही गोळी लागू पडत नाही’ असे लोक म्हणतात, पण बदल शरीरात होत नसून जिवाणूत होतो. एश्चेरिकिया कोलाय हा आतड्यातला जिवाणू अनुकूल स्थितीत सुमारे 20 मिनिटांत दुप्पट होतो. त्या कोट्यवधींच्या गर्दीत एखाद्याच्या जनुकात योगायोगाने असा बदल झालेला असतो की औषध त्याच्यावर चालत नाही. औषध सुरू झाले की इतर मरतात आणि मोकळी जागा तो व्यापतो. याहून वेगाने रोध पसरतो तो प्लास्मिडांमुळे. डीएनएची ही लहान वर्तुळे वेगवेगळ्या जातींचे जिवाणूही एकमेकांना देतात आणि एकाच वर्तुळावर अनेक औषधांविरुद्धची जनुके असू शकतात. काही जिवाणू पेनिसिलिन मोडून टाकणारे विकर (एन्झाइम) बनवतात, काही औषध पेशीबाहेर लोटतात, तर काही औषध जिथे चिकटते ती जागाच बदलतात. 2019 मध्ये जगात सुमारे 12.7 लाख मृत्यू थेट या रोधामुळे झाल्याचा अंदाज आहे.

बडोदे हे प्रतिजैविके बनवणारेही शहर आहे. येथील कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी कोटिभास्कर व अमीन या शिष्यांसह 1907 मध्ये अलेम्बिक केमिकल वर्क्सची स्थापना केली. सुरुवातीला येथे अर्क आणि मद्यार्क तयार होत, पुढे पेनिसिलिन आणि एरिथ्रोमायसिन होऊ लागले. अल्थ्रोसिन (एरिथ्रोमायसिन) आणि अझिथ्रल (अझिथ्रोमायसिन) ही दोन्ही याच कंपनीची औषधे. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांत ही नावे क्रोसिनइतकीच सहज घेतली जातात, आणि काळजीचे कारण नेमके तेच आहे. घसा धरला, नाक गळू लागले की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून अझिथ्रोमायसिन 500 ची छोटी पट्टी आणायची, हा परिपाठ झाला आहे. सर्दी आणि बहुतेक घसेदुखी विषाणूंमुळे होते. विषाणूवर ही गोळी काहीही करत नाही. आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंवर मात्र तिचा दाब पडतोच आणि त्यांतले रोधक्षम तेवढे टिकतात. जागतिक आरोग्य संघटनेने अझिथ्रोमायसिन जपून वापरायच्या गटात ठेवले आहे.

हे औषध का जपायचे, हे टायफॉइडच्या म्हणजे मुदतीच्या तापाच्या इतिहासातून सर्वांत स्पष्ट दिसते. 1948 मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आले आणि मुदतीच्या तापाने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. 1972 मध्ये केरळात कोझिकोडला या औषधाला न जुमानणाऱ्या टायफॉइडची साथ आली. 1980 च्या दशकाअखेर भारतात क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन व कोट्रायमोक्साझोल ही तिन्ही औषधे एकदम निकामी करणारे वाण पसरले. डॉक्टर सिप्रोफ्लॉक्सासिनकडे वळले, तर काही वर्षांत तेही दुबळे ठरले. मग सेफ्ट्रिॲक्सोनची इंजेक्शने आली. 2016 पासून पाकिस्तानातील सिंधमध्ये, हैदराबाद शहरापासून सुरू झालेल्या साथीत तीही चालेनाशी झाली. त्या रोग्यांसाठी तोंडावाटे देण्याजोगे अझिथ्रोमायसिनच काय ते उरले. त्यापलीकडे शिरेतून द्यायची महागडी कार्बापेनेम औषधे. सर्दीवर उधळली जाते ती हीच गोळी. या इतिहासात एक दिलासाही आहे. क्लोरॅम्फेनिकॉलचा वापर मागे पडल्यावर भारतातील टायफॉइडचे बहुतेक वाण पुन्हा त्याला बळी पडू लागले आहेत.

कोणते औषध चालेल हे प्रयोगशाळेत डोळ्यांनी पाहता येते. रक्तातून किंवा लघवीतून वाढवलेला जिवाणू म्युलर-हिंटन आगर या पोषक जेलीच्या बशीवर कापसाच्या बोळ्याने सर्वत्र सारखा पसरतात. त्यावर 6 मिमी व्यासाच्या, वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवतात आणि बशी रात्रभर सुमारे 35 अंश सेल्सिअसवर राहते. सकाळी चालणाऱ्या औषधाभोवती स्वच्छ, मोकळे वर्तुळ दिसते. निकामी औषधाच्या चकतीला जिवाणूंची साय अगदी खेटून वाढलेली असते. वर्तुळाचा व्यास मोजून अहवालात एस (औषध चालते), आय (मधली स्थिती) किंवा आर (चालत नाही) असे लिहितात. मोठे वर्तुळ म्हणजे जास्त गुणकारी औषध, असे मात्र नाही. एश्चेरिकिया कोलायसाठी सिप्रोफ्लॉक्सासिनचे वर्तुळ 26 मिमी तरी लागते, तर टायफॉइडच्या जिवाणूसाठी अझिथ्रोमायसिनचे 13 मिमी पुरते.

या तपासणीचे रक्त पहिल्या गोळीच्या आधी काढलेले असावे. दोन दिवस घरची गोळी घेऊन मग सयाजीराव रुग्णालयात किंवा खासगी दवाखान्यात गेले, तर जिवाणू बशीवर अनेकदा वाढतच नाही आणि डॉक्टरांना अंदाजाने उपचार करावे लागतात. टायफॉइडसाठीची विडाल ही रक्तचाचणी स्वस्त आहे, लवकर मिळते, म्हणून तिचाच आधार घेतला जातो. पण जिथे टायफॉइड नेहमीचाच आहे तिथे एकदाच केलेल्या विडालवर विसंबणे योग्य नाही. ‘कोर्स पूर्ण करा’ हा सल्ला सर्वांना पाठ असतो आणि क्षयरोगात तो जीवनमरणाचा आहे. इतर अनेक संसर्गांत अधिक नुकसान गरज नसताना कोर्स सुरू केल्याने होते. यावर बोलणे फार कमी होते.

कायदा आहे. पट्टीवरची उभी लाल रेघ, हे औषध चिठ्ठीशिवाय विकायचे नाही असे सांगते. 1 मार्च 2014 पासून लागू झालेल्या अनुसूची एच-1 मधील प्रतिजैविकांसाठी दुकानदाराने डॉक्टर व रोग्याच्या नावासह वेगळी नोंदवही ठेवायची आणि ती तीन वर्षे जपायची असते. कुक्कुटपालनात वाढीसाठी वापरले जाणारे कोलिस्टिन भारताने 2019 मध्ये बंद केले, कारण अतिदक्षता विभागातल्या क्लेब्सिएला व ॲसिनेटोबॅक्टर या जिवाणूंवर अनेकदा तेच शेवटचे औषध असते.

संसर्गच झाला नाही तर औषधाचा प्रश्न येत नाही, आणि या बाबतीत बडोद्याचा वारसा मोठा आहे. महाराजा सयाजीराव तिसरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आजवा जलाशय बांधून शहराला नळाचे पाणी दिले. आजही विश्वामित्रीला पूर येतो, जसा ऑगस्ट 2024 मध्ये आला, तेव्हा गटार आणि पिण्याचे पाणी एकत्र होण्याचा धोका वाढतो; त्या आठवड्यांत पाणी उकळून पिणे कोणत्याही गोळीपेक्षा जास्त उपयोगाचे. टायफॉइडची संयुग्मी (कॉन्ज्युगेट) लस सहा महिन्यांपुढील बालकांना एका मात्रेत देता येते. 2018 मध्ये नवी मुंबई महापालिकेने ती 9 महिने ते 14 वर्षे वयाच्या मुलांना मोहीम काढून दिली.