अर्धीमुर्धी पोकळी आणि निऑनची नळी

"सर, पंप घेतला. आता फक्त निऑन मिळवायचा राहिला." एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन. पाठोपाठ व्हॉट्सॲपवर फोटो आला: एसी दुरुस्तीवाले खांद्याला अडकवून फिरतात तो छोटा पंप, त्याला पितळी व्हॉल्व्ह आणि निळा-लाल रबरी होज. त्याला दुकानाच्या पाटीसाठी खरी निऑनची नळी करायची होती. (हल्ली 'निऑन' म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा सिलिकॉनच्या पट्टीत बसवलेले एलईडी असतात. त्यात ना निऑन, ना पोकळी.) मी म्हटलं, "काही जोडू नकोस. आधी येऊन भेट." पंपापेक्षा मला त्या पितळेची धास्ती वाटली.

निऑन हवेतच असतो, पण दहा लाख लिटर हवेत जेमतेम अठरा लिटर. 1898 मध्ये लंडनमध्ये रॅम्झी आणि ट्रॅव्हर्स या रसायनशास्त्रज्ञांनी तो वेगळा काढला. पुढे जॉर्ज क्लोद हा फ्रेंच माणूस हवेचं द्रवीकरण करण्याच्या धंद्यात होता, त्याच्याकडे निऑन उपउत्पादन म्हणून साठत होता. 1910 च्या डिसेंबरात त्याने पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात निऑनच्या लांबलचक नळ्या पेटवून दाखवल्या. नळीची स्वच्छता आणि टिकाऊ इलेक्ट्रोड (नळीत वीज सोडणारी धातूची टोकं) ही त्याच्या यशाची खरी किल्ली. कारण निऑनला चेतवायला बरीच ऊर्जा लागते. नायट्रोजन, पाण्याची वाफ वगैरे मंडळी त्याहून कमी ऊर्जेत पेट घेतात. नळीत ही मंडळी चिमूटभर जरी राहिली, तरी विजेची शक्ती मधल्यामधे तीच खाऊन टाकतात आणि लाल रंग फिका पडतो.

म्हणून नळी भरण्याआधी धुवावी लागते, आणि ती धुतात विजेने. वाकवून तयार केलेली नळी काचेच्या मॅनिफोल्डला, म्हणजे नळी, पंप आणि वायूची बाटली जोडणाऱ्या फाटे असलेल्या नळीला जोडायची, आतली हवा पाऱ्याच्या काही मिलिमीटर दाबापर्यंत (दाब पाऱ्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजतात) उतरवायची, आणि बॉम्बार्डर नावाच्या दणकट ट्रान्सफॉर्मरने तिच्यातून काही शे मिलिअँपिअर प्रवाह सोडायचा. व्होल्टेज पंधरा-वीस हजारांच्या घरात. काच दोनशे अंशांच्या वर तापते. कारागीर नळीवर कागदाची पट्टी ठेवतात. ती करपून तपकिरी झाली की काच पुरेशी तापली असं समजायचं. इलेक्ट्रोड लालबुंद होतात, त्यांच्यावरच्या लेपातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, काचेला चिकटलेलं पाणी सुटतं. हा सगळा मळ मग पंपाने ओढून काढायचा.

आता पितळेकडे वळू. साधारण हवेत एक सेंटिमीटरची फट ओलांडायला विजेला सुमारे तीस हजार व्होल्ट लागतात. त्यामुळे आपल्याला वाटतं, हवा काढून टाकली तर वीज आणखी अडेल. पूर्ण पोकळीत ती अडतेच. पण मधला टप्पा फसवा आहे. फ्रीडरिख पाशेन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने 1889 मध्ये दाखवलं की दाब उतरवत नेला की लागणारं व्होल्टेज आधी कमी कमी होत जातं, एका तळाला पोहोचतं आणि मगच एकदम वर चढतं. एक सेंटिमीटरच्या फटीसाठी हा तळ पाऱ्याच्या अर्ध्या-पाऊण मिलिमीटर दाबाजवळ येतो, आणि तिथे सव्वातीनशे-साडेतीनशे व्होल्टही पुरतात. बॉम्बार्डिंग चालतं ते याच शेजारी. म्हणजे त्या क्षणी मॅनिफोल्डमधली विरळ हवा विजेसाठी जवळपास तारच असते. होजला पितळी व्हॉल्व्ह असेल, शेजारी लोखंडी पंप असेल, तर वीज नळी सोडून तिकडे वळू शकते. मग त्या व्हॉल्व्हवर हात असलेल्या माणसाचं काय होईल ते सांगायला नको.

म्हणून निऑनवाले मॅनिफोल्ड काचेचा ठेवतात, स्टॉपकॉक, म्हणजे वायूच्या तोट्या, त्याही काचेच्या. बॉम्बार्डिंगच्या वेळी पंपाकडचा स्टॉपकॉक बंद. त्याची काचेची चावी फिरवली की वायूचा धागाच तुटतो. पंपाचं अंग पक्कं अर्थिंग केलेलं, आणि दाब मोजणारं इलेक्ट्रॉनिक गेज असलंच तर तेही बंद स्टॉपकॉकच्या पलीकडे. उपकरणं निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारेन: नळीपासून पहिल्या धातूपर्यंत काच किती?

पंपाच्या ताकदीची चिंता लोक नको तितकी करतात. मिनिटाला दीडशे लिटर, दोनशे लिटर असे आकडे डब्यावर छापलेले असतात. पण निऑनच्या नळीला हवा ओढायला जी बारीक शेंडी काढतात ती आतून चार मिलिमीटर आणि दहा सेंटिमीटर लांब धरली, तर अगदी कमी दाबाला तिच्यातून मिनिटाला साडेचार-पाच लिटरच जाऊ शकतात. पलीकडे कितीही मोठा पंप लावा. शिवाय या दाबाला वायू वाहून नेण्याची क्षमता व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते. भोक निम्मं केलं तर ती आठव्या भागावर येते. तेव्हा पैसे आखूड, रुंद मॅनिफोल्डवर घालावेत. पंपाचा पाहायचा आकडा वेगळाच: तो शेवटी किती खाली जातो. एसीचे साधे पंप पंधरा-वीस मायक्रॉनच्या आसपास थकतात. मायक्रॉन म्हणजे पाऱ्याच्या मिलिमीटरचा हजारावा भाग. चांगला दोन टप्प्यांचा रोटरी पंप एक मायक्रॉनच्या जवळ जातो. त्याहून खाली जायला डिफ्यूजन पंप, म्हणजे उकळत्या तेलाच्या वाफेचे फवारे. त्यात साधं खनिज तेल असेल आणि ते तापलेलं असताना हवा आत शिरली, तर भडका उडू शकतो. सिलिकॉन तेल महाग पडतं, पण हवेला तितकं भीत नाही. तेच घ्यावं.

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकदा पंप चालू असताना वीज गेली. पंप थांबला, पोकळी तशीच राहिली, आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने पंपातलं तेल होजमधून काचेत ढकलून दिलं. पुढचा आठवडा ते धुण्यात गेला. तेल मागे चढू न देणारा झडपेचा पंप मिळतो; आपल्याकडच्या लोडशेडिंगला तो हवाच.

काच फुटण्याची भीती नळीपेक्षा बाकीच्या भांड्यांची जास्त. हवा प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण किलोभर दाबते. बारीक गोल नळीला ते सहज पेलतं. पण बारा सेंटिमीटर रुंदीच्या सपाट बुडाच्या फ्लास्कवर, फक्त बुडावर, शंभर किलोहून अधिक भार येतो. पोकळीत जाणारं भांडं गोल बुडाचं, ओरखडा नसलेलं, आणि वरून टेप गुंडाळलेलं असावं. चष्मा तर हवाच.

राहिला पारा. जुन्या कारखान्यांत दाब मोजायला पाऱ्याचं मॅक्लिऑड गेज असायचं. उघड्या पाऱ्याची वाफ वीस अंशांच्या बंद खोलीत पूर्ण भरली, तर घनमीटरमागे तेरा-चौदा मिलिग्रॅमपर्यंत जाते, कामाच्या जागी चालणाऱ्या मर्यादेच्या शेकडो पट. निऑन भरताना लागतो तो पाऱ्याचा दहा मिलिमीटरच्या आसपासचा दाब. तो हलक्या तेलाच्या यू-नळीत पंधरा-सोळा सेंटिमीटर उंचीचा दिसतो, नुसत्या फुटपट्टीने मोजता येतो. तापलेल्या तारेवर चालणारं गेज मात्र इथे फसवतं, कारण ते हवेसाठी जुळवलेलं असतं आणि निऑनचा दाब भलताच दाखवतं. निळ्या रंगाला आरगॉनबरोबर पाऱ्याचा थेंब लागतोच, पण नुसती लाल पाटी करायची तर पारा दुकानात आणायचं कारण नाही.

विद्यार्थ्याला मी हे सगळं सांगितलं. त्याने पितळ काढलं, काचकाम करणाऱ्याकडून मॅनिफोल्ड फुंकून घेतला, आणि बॉम्बार्डिंगसाठी स्वतःची नळी एका जुन्या कारागिराकडे नेली. तिथे मी शेवटचा टप्पा पाहिला. निऑन भरला, शेंडीच्या गळ्यावर बारीक ज्योत फिरली, काच मऊ झाली, आणि बाहेरच्या हवेने ती स्वतःच आत चेपून बंद केली. कारागिराने नळी हळूच ओढून वेगळी केली, टेबलावर ठेवून ट्रान्सफॉर्मर लावला. सुरुवातीला एका टोकाला किंचित फिकट गुलाबी. चहा होईपर्यंत ती पूर्ण लाल झाली होती.