व्हॅनचे इंजिन, हलका सांगाडा: घरी घडवायची जुन्या घाटाची रेसिंग गाडी

१९५६ साली लोटस कंपनीने ‘इलेव्हन’ ही रेसिंग गाडी आणली. तिच्यातल्या कॉव्हेंट्री क्लायमॅक्स इंजिनाचे मूळ कूळ आगीच्या पंपाचे. पाणी उपसायला केलेल्या हलक्या इंजिनातूनच ते वाढवले होते. आकार १,०९८ सीसी, ताकद साधारण ७५ अश्वशक्ती. बेळगाव-निपाणी पट्ट्यात शाळेची मुले आणि भाजीची पोती वाहणाऱ्या मारुती ईकोचे जुने १,१९६ सीसीचे इंजिन ७३ अश्वशक्तीचे आहे. म्हणजे ताकदीत फारसे उणे नाही. उणे आहे ते वजनात. इलेव्हन साडेचारशे किलोच्या आसपास भरायची, ईको नऊशेच्या वर जाते.

त्यामुळे ईकोचे इंजिन आणि सुटे भाग घेऊन इलेव्हनसारखी एकच गाडी घरच्या शेडमध्ये घडवणाऱ्याची खरी लढाई वजनाशी असते, आणि इथे ती जरा जास्तच अवघड आहे. आपल्या भागातले फॅब्रिकेशनवाले उसाच्या ट्रॉल्या बांधण्यात मुरलेले. ‘जाड घ्या, काळजी नको’ हा त्यांचा सल्ला ट्रॉलीपुरता अगदी बरोबर आहे. या गाडीत तोच सल्ला घात करतो. चालकाशिवाय ५५० किलो हे उद्दिष्ट ठेवायचे आणि प्रत्येक तुकडा काट्यावर घालून वहीत लिहायचा.

आधी कायद्याचे. मोटार वाहन नियमांतील १२६ व्या नियमानुसार गाडीच्या नमुन्याची मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी व्हावी लागते. घरगुती एका नगासाठी ते व्यवहारात जमत नाही. ईकोचेच आरसी पुस्तक वापरून तिला रस्त्यावर आणणे हे कलम ५२ चे सरळ उल्लंघन आहे. गाडी ट्रेलरवरून ट्रॅकवर न्यायची आणि ट्रेलरवरूनच परत आणायची. जुनी ईको केए-२२ ची असो वा कोल्हापूरहून आणलेली एमएच-०९ ची, तोडण्यापूर्वी तिची नोंदणी रद्द करून घ्या.

व्हॅन विकत घेताना पुढून ठोकलेली चालेल, मागचा ॲक्सल मात्र सरळ हवा. इंजिन, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट, मागचा ॲक्सल, पुढचे नकल (चाक धरून स्टिअरिंगबरोबर वळणारे भाग) आणि डिस्क, स्टिअरिंग रॅक हे सगळे एकाच गाडीचे घ्या. वायरिंग कापू नका, प्रत्येक कनेक्टरला चिठ्ठी लावून सबंध सोडवा. इमोबिलायझर (चोरी रोखणारे इलेक्ट्रॉनिक कुलूप) असेल तर ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, कुलपाचा मॉड्यूल आणि चावी एकाच गाडीची लागते. चावी हरवलेली स्वस्त व्हॅन शेवटी महागात पडते. इंजिन उतरवण्यापूर्वी ते कोणत्या कोनात कलले आहे हे कोनमापकाने मोजून ठेवा आणि नव्या सांगाड्यात तोच कोन ठेवा. दिसायला बरे म्हणून ते सरळ उभे केले, तर चेंबरमधल्या ऑइलची पातळी आणि ऑइल ओढणाऱ्या जाळीची जागा यांचा मेळ तुटतो.

आता सांगाडा. २५ × २५ मिलिमीटरचा, १.६ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप मीटरला साधारण १.१५ किलो भरतो. सहा मीटरच्या आठ लांब्या, म्हणजे ४८ मीटर पाइपचे वजन ५५ किलो. दोन मिलिमीटर जाडी घेतली की ६८, तीन घेतली की सुमारे ९५. चाळीस किलोचा हा बोजा वाढवून ताठरपणा किती वाढतो? अपेक्षेपेक्षा खूप कमी, कारण ताठरपणा मुख्यतः मांडणीतून येतो. बाजल्याची चौकट कोपऱ्याला धरून ढकलली की तिरकी होते, तिचे दांडे कितीही जाड असले तरी. त्याच चौकटीत एक कर्ण टाकला की हलत नाही, कारण आता पाइपला वाकायचे नसते, फक्त ताण किंवा दाब सोसायचा असतो. म्हणून सांगाड्याच्या प्रत्येक चौकोनात तिरका पाइप हवा. तो नेमका कोपऱ्यात मिळाला पाहिजे. कोपऱ्यापासून चार बोटे अलीकडे जोडलेला कर्ण उभ्या पाइपला वाकवतो आणि पहिली चीर तिथेच जाते.

अडते ते बसायच्या जागेपाशी. वरच्या मोकळ्या चौकोनात कर्ण टाकला तर माणूस बसणार कुठे? या उणिवेची भरपाई दोन सीटांमधल्या बोगद्याने करायची. प्रॉपेलर शाफ्टवरचा हा बोगदा वरून-खालून पत्र्याने बंद केला की त्याची पेटी होते, आणि बंद पेटीला पीळ देणे उघड्या पन्हळीपेक्षा कितीतरी पट अवघड असते. हिशोब असा आहे. पत्र्याची जाडी दुप्पट केली तर पेटीचा ताठरपणा दुप्पट होतो आणि वजनही दुप्पट. जाडी तीच ठेवून पेटीचे आडवे क्षेत्र दुप्पट केले तर ताठरपणा जवळजवळ २.८ पट होतो, वजन मात्र ४१ टक्केच वाढते. म्हणून बोगदा आणि दोन्ही बाजूंचे उंबरे जागा देईल तितके उंच-रुंद ठेवा. खाली १.२ मिलिमीटरचा लोखंडी पत्रा पूर्ण वेल्ड न करता टाके मारून आणि रिव्हेट ठोकून बसवा.

वेल्डिंगला ०.८ मिलिमीटर तारेचे मिग, आर्गन-कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण आणि ७० ते ८० अँपिअर पुरतात. साध्या रॉडने १.६ मिलिमीटरच्या पाइपला भोके पडतात. सपाट टेबलावर आधी सगळा सांगाडा फक्त टाक्यांवर उभा करायचा, कर्ण मोजून दोन मिलिमीटरच्या आत जुळवायचे, मग वेल्ड. तेही एका टोकाकडून सलग नको. एक सांधा पुढे डावीकडे, पुढचा मागे उजवीकडे. वेल्ड थंड होताना आकसते, आणि एकाच बाजूला वीस सांधे झाले की सांगाडा केळ्यासारखा वाकतो. पावसाळ्यात काम चालू असेल तर उघडे लोखंड रातोरात तांबडे होते, तेव्हा संध्याकाळी प्राइमर मारूनच शेड बंद करा.

मागचा रोल हूप, म्हणजे गाडी उलटली तर चालकाचे डोके वाचवणारी कमान, याच पाइपचा करू नका. त्याला ४५ मिलिमीटर व्यासाचा, २.५ मिलिमीटर जाडीचा, गार ओढलेला बिनसांध्याचा पाइप लागतो. वाकवताना त्रिज्या व्यासाच्या तिप्पट तरी हवी, नाहीतर आतली बाजू चुरगळते. नळाचा जीआय पाइप वर्ज्य. त्याला शिवण असते आणि वेल्ड करताना जस्ताचा धूर छातीत जातो.

सांगाडा झाला की चाचणी घेता येते, तीही जवळपास फुकटात. मागचे दोन्ही कोपरे टेबलाला करकचून बांधा. पुढच्या टोकाला मधोमध, गाडीच्या लांबीच्या दिशेने ठेवलेल्या एका सळईवर टेकू द्या आणि आडवी मजबूत तुळई बांधून तिच्यावर मध्यापासून बरोबर एक मीटरवर सिमेंटचे ५० किलोचे पोते ठेवा. हा ४९० न्यूटन-मीटरचा पीळ झाला. तिथले टोक सहा मिलिमीटर खाली गेले तर सांगाडा अंशाच्या एक तृतीयांशाइतका पिळला, म्हणजे अंशाला सुमारे १,४०० न्यूटन-मीटर. ७३ अश्वशक्तीच्या गाडीला एवढे पुरे. सोळा-सतरा मिलिमीटर गेले तर पाइप जाड करायला धावू नका, कर्ण कुठे राहिला ते शोधा. तुळई स्वतःच वाकत नाही ना, हे डायल गेज सांगाड्यावर लावून तपासावे लागते. बरेच जण नेमके हेच विसरतात आणि चांगल्या सांगाड्याला नावे ठेवतात.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्र्या दारात असल्याने दुसरा मोह पडतो: पुढच्या चाकांचे नकल आपणच ओतून घ्यावेत. पॅटर्नवाला ओळखीचा, मशीन शॉप शेजारी. तरीही साध्या बिडात हा भाग कधीच ओतू नये. बिडातला ग्राफाइट पातळ पापुद्र्यांच्या रूपात असतो आणि प्रत्येक पापुद्रा म्हणजे आधीच पडलेली बारीक चीर. ताण आला की धातू टक्काभरही न लांबता तडकतो, आधी वाकून इशारा देत नाही. एसजी आयर्नमध्ये मॅग्नेशियममुळे ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात येतो, म्हणून ४००/१५ दर्जाचे कास्टिंग तुटण्यापूर्वी १५ टक्के लांबते. पण मॅग्नेशियमचा परिणाम काही मिनिटांतच उतरू लागतो. बादलीतला शेवटचा मोल्ड उशिरा भरला तर दिसायला एसजी, आतून अर्धवट बीड असा माल निघतो. दोन नगांसाठी प्रत्येक ओतीचा चाचणी-तुकडा आणि सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी परवडत नसेल, तर ईकोचाच मूळ नकल वापरा. ईकोचा स्ट्रट (स्प्रिंग-शॉकचा उभा दांडा) जिथे दोन बोल्टांनी बसतो तिथे दहा मिलिमीटर प्लेटचा ब्रॅकेट लावून वरच्या विशबोनचा (सांगाड्यापासून चाकापर्यंत जाणाऱ्या दुबेळक्या दांड्याचा) बॉल जॉइंट धरता येतो. फाउंड्रीची हौस इंजिनच्या ब्रॅकेटवर किंवा पेडलवर भागवावी.

स्प्रिंग अंदाजाने घेऊ नका. चालकासह ६२५ किलो धरले तर पुढच्या एका चाकावर स्प्रिंगने तोललेले वजन साधारण १३० किलो येते. सेकंदाला १.६ हेलकावे हवे असतील तर चाकापाशी दर मिलिमीटरला १३ न्यूटनचा ताठरपणा लागतो. पण स्प्रिंग विशबोनवर आत सरकून बसते. चाक एक मिलिमीटर उचलले की ती ०.७ मिलिमीटर दबत असेल, तर भागाकार ०.७ ने नव्हे, त्याच्या वर्गाने करायचा: १३ भागिले ०.४९, म्हणजे २७. वर्ग विसरला की स्प्रिंग १९ ची येते आणि ब्रेक मारताच गाडीचे नाक जमिनीला लागते.

मागचा ॲक्सल चार लांब दांड्या आणि ॲक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणाऱ्या एका आडव्या पॅनहार्ड रॉडने धरावा. रॉड शक्य तितका लांब आणि गाडी उभी असताना आडवा समांतर. स्टिअरिंग रॅकची उंची पक्की करण्याआधी स्प्रिंग काढून चाक २५-२५ मिलिमीटर वर-खाली करा आणि प्रत्येक वेळी टो, म्हणजे चाक आत-बाहेर किती वळले आहे ते, मोजा. चाक आपोआप वळत असेल तर रॅक हलवा, टाय रॉड वाकवू नका.

गिअरचा दांडा इथे उलट्या दिशेने जोडावा लागतो, कारण व्हॅनमध्ये चालक गिअरबॉक्सच्या पुढे बसतो आणि इथे शेजारी किंवा मागे. जोडणी उलटली की पहिला-दुसरा गिअर जागा बदलतात. मधला एक फिरता लिव्हर घालून ते परत फिरवता येते. प्रॉपेलर शाफ्ट आखूड करताना दोन्ही टोकांचे योक (सांध्याचे दुबेळके) एका रेषेत ठेवायचे आणि बॅलन्स करून घ्यायचे, नाहीतर वेग वाढताच सीट थरथरते.

बॉनेट बुटके असल्याने रेडिएटरचे झाकण इंजिनच्या हेडपेक्षा खाली येते. हवा हेडमध्ये अडकते, काटा थंड दाखवतो आणि गॅस्केट जाते. सगळ्यांत उंच जागी वेगळी पाण्याची टाकी द्या. ऑइलच्या चेंबरमध्ये आडवे पडदे वेल्ड करा, कारण लांब वळणावर ऑइल एका बाजूला सरकते.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. इथला हवेचा दाब नऊएक टक्के कमी, म्हणून ७३ ची ताकद ६७ च्या आसपास येते. इंजेक्शनचे इंजिन पेट्रोल आपोआप जुळवून घेते. कार्ब्युरेटर लावायची हौस असेल तर इथे जमवलेला जेट चेन्नईच्या ट्रॅकवर पेट्रोलला कमी पडेल.

बॉडीला १.२ मिलिमीटरचा मऊ ॲल्युमिनियमचा पत्रा. यमनापूरला हिंडाल्कोचा कारखाना आहे खरा, पण तिथे ॲल्युमिना होते, पत्रा नव्हे. ठोकून कडक झालेल्या पत्र्यावर साबणाची रेघ ओढा आणि मागून ज्योत फिरवा. रेघ काळपट झाली की थांबा, पत्रा पुन्हा मऊ झाला. त्यापुढे तापवलात तर तो लाल न होताच एकदम गळतो.

रंगाआधी गाडी चार प्लॅटफॉर्म काट्यांवर उभी करा, बाजार समितीत गूळ तोलतात तसल्या. चालकाच्या जागी त्याच्या वजनाची पोती ठेवा. पुढचे डावे आणि मागचे उजवे मिळून एकूण वजनाच्या निम्मे भरेपर्यंत स्प्रिंगच्या बैठकी फिरवा. पहिल्या फेऱ्या तिसऱ्या गिअरमध्येच. त्यानंतर सस्पेंशनचा प्रत्येक नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा, त्यावर रंगाची रेघ मारा आणि बोल्टांच्या भोकांभोवती, ब्रॅकेटच्या कडांना बॅटरी लावून चिरा पाहा.