नियम काढायचाय? आधी तो आला कुठून ते बघा

धंद्यावरचे सरकारी नियम कमी करायचे म्हटलं की लगेच दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते सगळे काढा, दुसरी म्हणते एकालाही हात लावू नका. मला वाटतं नियम कशापायी आला ते बघितल्याशिवाय यावर बोलूच नये.

१९५१ चा उद्योग विकास व नियमन कायदा घ्या. कारखाना काढा, वाढवा, नवीन माल बनवा, सगळ्याला दिल्लीचं लायसन्स. देशात भांडवल कमी, परकीय चलन कमी, म्हणून सरकार वाटून देणार असा विचार होता, तो त्यावेळी चुकीचा वाटला नसेलही. पण आकुर्डीत बजाजचा कारखाना असून लोक स्कूटरला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे, कारण किती गाड्या बनवायच्या ते पण लायसन्सवरच ठरलेलं! स्वतंत्र पक्षाचे नेते राजाजी (सी. राजगोपालाचारी) याला लायसन्स-परमिट राज म्हणायचे. शेवटी २४ जुलै १९९१ ला नरसिंह राव सरकारने १८ उद्योग सोडून बाकीच्यांचं लायसन्स काढून टाकलं आणि ते बरोबरच केलं.

आता बॉयलर, म्हणजे कारखान्यात दाबाखाली वाफ बनवणारी टाकी, बघा. १८६३ मधे कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं गेली, त्यानंतर बंगालमधे तपासणीचा कायदा आला, मग बाकीच्या प्रांतांनी आपापले केले, आणि १९२३ ला देशभर एकच झाला. भोपाळच्या गॅसकांडानंतरही तसंच, १९८६ चा पर्यावरण कायदा आणि १९८७ ला फॅक्टरी कायद्यात धोकादायक कारखान्यांसाठी घातलेला वेगळा भाग, दोन्ही हजारो माणसं गेल्यावर आले. आणि याच फॅक्टरी कायद्यात भिंतींना दर १४ महिन्यांनी चुना मारा आणि मारल्याची तारीख रजिस्टरमधे लिहा असंही होतं (नोव्हेंबर २०२५ ला या कायद्याच्या जागी नवीन कामगार संहिता आली). म्हणजे एकाच कायद्यात जीव वाचवणारं कलम आणि चुन्याचं रजिस्टर शेजारी शेजारी.

२०१७ ला महाराष्ट्राने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांची नोंदणी काढून नुसती माहिती कळवा म्हटलं, छोट्या दुकानदाराचे हेलपाटे वाचले. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ४२ कायद्यांमधली १८३ कलमं गुन्ह्याच्या यादीतून काढली किंवा सौम्य केली. २०२५ च्या बजेटमधे लायसन्स, परवानग्या तपासायला उच्चस्तरीय समिती जाहीर झाली. त्याच वर्षीच्या नवीन बॉयलर कायद्यात सातपैकी तीन गुन्हे नुसत्या दंडावर आणले, पण जिवावर बेतू शकतील असे चार तसेच ठेवले. समितीने प्रत्येक कायदा असाच कलमाकलमाने तपासावा.

डोंबिवली एमआयडीसीत मे २०१६ ला केमिकल कारखान्यात स्फोट झाला, लांबलांबच्या बिल्डिंगांच्या काचा फुटल्या, आणि मे २०२४ ला त्याच एमआयडीसीत परत तेच. चुन्याच्या रजिस्टरसारखे नियम उद्या बंद करा, कोणाचं काही अडणार नाही. पण केमिकल कारखान्यात आत जाऊन व्हॉल्व आणि प्रेशर गेज बघणारा माणूस काढून तिथे मालकाच्या सहीचा कागद ठेवायचा प्रस्ताव आला तर मी विरोध करणार.