सिल्लीवर कुठलं पाणी? खानदेशातली पार्श्वभूमी

न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, कातर, नराणी, वाटी, तुरटी आणि सिल्ली, म्हणजे धार लावायचा दगड, असायची. पाणी तो बरोबर नेत नसे. ज्याच्या ओट्यावर बसला, त्याच्याच घरचं पाणी वाटीत यायचं आणि त्यातलेच चार थेंब सिल्लीवर पडायचे. म्हणजे बलुत्याच्या काळात पाण्याची निवड गावाच्या नदी-विहिरीनेच करून ठेवलेली असे. आज हौसेने जुना वस्तरा वापरणारे आर.ओ.चं बरं की बॅटरीत घालायचं डिस्टिल वॉटर बरं यावर हुज्जत घालतात, ती चैन तेव्हा कुणाला होती?

तसं पाहिलं तर धार पाणी लावत नाही, दगड लावतो. पाणी निघालेला कीस उचलून धरतं, दगडाचं तोंड बुजू देत नाही आणि पातं सरकतं ठेवतं. एवढ्यासाठी कुठलंही पाणी चालतं. भानगड होते ती पाण्यातून येणाऱ्या गाळाने आणि क्षारांनी, आणि खानदेशात या दोन्हींचा तोटा कधीच नव्हता.

आधी गाळ. पावसाळ्यात तापी, गिरणा, पांझरा लाल-काळ्या होऊन वाहतात. तापीकाठच्या प्रकाशा किंवा चांगदेव या गावी संगमावर क्षौर करायचं, तर हाताशी पाणी नदीचंच. शेवटचा हात फिरवायच्या 8000 ग्रिटच्या (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक) दगडाचा कण 1 ते 2 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, असतो. नदीच्या गाळाचा कण साधारण 2 ते 60 मायक्रॉनचा. असा एक कण पात्याखाली आला की तासाभराची मेहनत वाया, आणि ते दाढी करताना गालाला लगेच कळतं. गढूळ पाणी निवळायला आपल्याकडे निवळीची बी उगाळून घालत, नाहीतर तुरटी फिरवत. तुरटी धोकटीत होतीच, पण तिने पाणी आम्लधर्मी होतं आणि साध्या पोलादावर डाग धरतो. त्यापेक्षा रात्रभर स्थिर ठेवलेल्या घागरीतलं वरचं पाणी कधीही चांगलं.

क्षारांचं प्रकरण जमिनीतलं. खानदेशचा बराच भाग काळ्या पाषाणावर बसला आहे. हा बसाल्ट झिजतो तसे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पाण्यात उतरतात. तापीकाठी गाळाचे जाड थर आहेत, तिथे पाणी खोल बोअरमधून येतं. रावेर-यावलच्या केळीवाल्यांना हे सांगायला नको. ठिबकच्या नळ्या क्षारांनी चोंदल्या की आम्ल सोडून साफ कराव्या लागतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. असं पाणी सिल्लीवर वाळलं की पांढरी पुटं धरतात, साबण फेसाळत नाही. त्यात क्लोराइड जास्त असेल तर पात्याच्या कडेला गंज लवकर लागतो. 1972च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात हातपंपाच्या बोअरी झपाट्याने वाढल्या आणि अनेक गावांत वाटीतलं पाणी बदललं.

तोवर दगडही बदलला होता. 1891 मध्ये अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन या संशोधकाने कार्बोरंडम हा कृत्रिम, कठीण घासपदार्थ तयार केला आणि बेल्जियम, जर्मनीतलं थुरिंजिया किंवा जपानच्या क्योटोकडच्या खाणींतल्या नैसर्गिक दगडांना कारखान्यातला स्वस्त पर्याय मिळाला. पुढे स्टेनलेस ब्लेड आलं. एड्सची धास्ती पसरल्यावर सलूनमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं अर्धं ब्लेड घालायची पद्धत रुळली. जे झालं ते चांगलंच झालं, पण सिल्ली कपाटात गेली. गावोगावी आर.ओ.चे थंड जार पोचले ते त्यानंतर. स्वच्छ पाणी आलं तेव्हा धार लावणारा हातच उरला नव्हता.

म्हणून आज जळगाव-धुळ्यात कुणी जुना वस्तरा काढलाच, तर सगळ्या घासणीला आर.ओ. ओतायची गरज नाही. सुरुवातीच्या दगडावर गाळलेलं नळाचं पाणी पुरतं. बारीक दगडावर मात्र जारचं घ्यावं आणि त्याआधी पातं व दगड दोन्ही त्याच पाण्याने धुवावेत. पाणी घालून वापरायच्या दगडावर तेल घालू नये. ते एकदा मुरलं की पाणी पुन्हा नीट धरत नाही. शेंगदाण्याचं तेल तर चिकट होऊन बसतं. तेल हवं ते शेवटी, पातं कोरडं पुसून झाल्यावर, आणि तेही शिलाई मशीनचं एक थेंब.