मांडणी, कपाट, रॅक : घरातल्या पोलादी फळ्या आल्या कुठून

दसरा उलटला की रॅकच्या दुकानांत गर्दी सुरू होते. दिवाळीची साफसफाई काढलेली असते, माळ्यावरचं सगळं खाली आलेलं असतं आणि ते सगळंच्या सगळं परत वर जाणार नाही, हे घरातल्यांना कळून चुकलेलं असतं. दुकानदार पहिला प्रश्न टाकतो, "फळी कितीची देऊ, वीस गेजची की बावीसची?" गिऱ्हाईक बिचारं बावीस म्हणजे वीसहून दणकट, असं समजून मान डोलावतं. प्रत्यक्षात असतं उलटं. आकडा जेवढा मोठा, तेवढा पत्रा पातळ.

हा उफराटा हिशेब तार ओढणाऱ्या कारागिरांचा. जाड सळई भोकातून ओढायची, मग त्याहून बारीक भोकातून, मग आणखी बारीक. जितक्या वेळा ओढली तितका आकडा वाढला आणि तार बारीक झाली. गावोगावच्या मोजण्या वेगळ्या होत्या. ब्रिटनने १८८४ मध्ये त्यांतली एक कायद्याने पक्की केली. पत्र्यालाही तीच चिकटली आणि आपल्याकडे साहेबाबरोबर आली. त्या मोजणीने १४ गेज म्हणजे २ मिलिमीटर, १८ म्हणजे १.२, २० म्हणजे ०.९ आणि २२ म्हणजे जेमतेम ०.७. भारताने मेट्रिक मापांचा कायदा केला १९५६ मध्ये, पण रॅकच्या दुकानात अजून गेजच चालतं. उंची फुटात, पत्रा गेजमध्ये, बोल्ट सुतात आणि वजन किलोत. एका रॅकमध्ये चार जमाने.

पण पोलाद घरात यायच्या आधी माणसं सामान ठेवत कुठे होती? भिंतीत. वाड्याच्या भिंती दोन-अडीच फूट जाड. त्यांच्या पोटात कोनाडे निघत, देवळ्या निघत, लाकडी दारं लावून फडताळ होई. दूध-दही मांजरापासून वाचवायला आढ्याला शिंकं. कोपऱ्यात मडक्यांची उतरंड, मोठं खाली, लहान वर. पाण्याच्या हंड्या-कळशांना घडवंची. धान्य कणगीत नाहीतर बळदात. यातलं सुटं, उचलून नेण्यासारखं फर्निचर जवळपास काहीच नाही. घर बदललं तर फडताळ मागेच राहायचं.

मुंबईने ही सगळी व्यवस्था मोडली. १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला चाळी बांधल्या. आज आपण त्यांना बीडीडी म्हणतो. २०७ इमारती, एकेक खोली १६० चौरस फुटांची, बांधकाम सिमेंट काँक्रीटचं. माझी आत्या नायगावला अशाच एका खोलीत नांदली. त्या भिंतीत खिळा ठोकायचा तर तीन वाकवून चौथा आत जायचा. कोनाड्याची गोष्टच सोडा. जे वाड्यात भिंतीच्या पोटात मावत होतं ते खोलीत भिंतीबाहेर आलं. आणि जमीन तर झोपायला हवी. मग उरली उंची. मांडणी, फळ्या, पोटमाळा, सगळं वर वर चढत गेलं. 'मांडणी' हा शब्द आधीपासून होताच. आधी ती लाकडाची असे. वर पितळेचे डबे, तांबे, गडवे ओळीने मांडलेले. कल्हई झाली की दोन दिवस ते असे चमकत की पाहुण्यांची नजर तिथेच जावी.

पोलादी पत्रा मध्यमवर्गीय घरात शिरला तो मात्र कुलपाच्या वाटेने. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये लालबागला कुलपांचा कारखाना काढला. पुढे तिजोऱ्या आणि १९२३ च्या सुमाराला पोलादी कपाटं. मग चोर आणि वाळवी या दोन्हींना पुरून उरणारी वस्तू म्हणून हे कपाट घरोघरी गेलं, लग्नातही दिलं जाऊ लागलं. दुसऱ्या कुणी बनवलेलं असलं तरी 'आमचं गोदरेजचं कपाट' असंच म्हणायची पद्धत पडली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लाखो मतपेट्याही त्यांच्याच विक्रोळीच्या कारखान्यात बनल्या. पत्रा कापायचा, वाकवायचा, जोडायचा हा हात तोवर पक्का बसला होता. पण कपाट बंद असतं. त्यात दागिने, साड्या, कागदपत्रं. पंधरा किलोचा तेलाचा डबा काही कुणी कपाटात ठेवत नाही.

उघड्या रॅकची गोष्ट वेगळीच आहे, आणि ती सुरू होते लंडनच्या एका छापखान्यात.

डिमिट्रियस कोमिनो हा मूळच्या ग्रीक घराण्यातला, ऑस्ट्रेलियात जन्मलेला इंजिनिअर लंडनमध्ये छापखाना चालवत होता. छापखान्यात कागदाचे गठ्ठे, टाइप, छापून झालेला माल, आणि या सगळ्याची जागा दर थोड्या दिवसांनी बदलणारी. प्रत्येक बदलाला सुतार बोलवायचा, मांडणी करून घ्यायची, पुढच्या बदलात ती तोडून टाकायची. कोमिनोला यातली उधळपट्टी सलली. त्याने काटकोनात वाकवलेली लोखंडी पट्टी घेतली आणि तिच्या दोन्ही अंगांना लांबट भोकं पाडली. गोल नव्हे, लांबट, आणि काही आडवी, काही उभी. सगळी अक्कल या भोकांत आहे. गोल भोकात बोल्ट बसला तर बसला, अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं की अडला. लांबट भोकात तो सरकवता येतो. मोजमापात थोडी चूक झाली तरी रॅक उभा राहतो. वेल्डिंग नको, सुतार नको, आणि नको झाला की नटबोल्ट काढून त्याच पट्ट्यांचं टेबल करा. १९४७ मध्ये हा माल 'डेक्सिऑन' या नावाने बाजारात आला. युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये लाकडाची टंचाई होती, त्यामुळे मोठ्या माणसांचा हा मेकॅनो (मुलांचं नटबोल्टने जोडायचं खेळणं) हातोहात खपला.

आपल्याकडच्या दुकानदाराला डेक्सिऑन माहीत असेलच असं नाही. तो त्याला 'स्लॉटेड अँगल' म्हणतो, गिऱ्हाईक नुसतं 'भोकाची पट्टी'. वस्तू तीच.

भारतात ती यायला पत्रा लागत होता, आणि पत्रा हीच अडचण होती. जमशेदपूरला पोलाद निघायला लागलं १९१२ मध्ये, पण मागणी आधी रुळांची, गर्डरची. सार्वजनिक क्षेत्रातला, मुख्यतः पत्र्यासाठी उभारलेला पहिला मोठा कारखाना राउरकेल्याचा, जर्मन मदतीने, १९५९ पासून चालू झालेला. मग रशियन मदतीने बोकारो; तिथली पहिली झोतभट्टी १९७२ मध्ये पेटली. तरीही पोलादाचे भाव आणि वाटप सरकारी नियंत्रणात. छोट्या फॅब्रिकेटरला कोटा मिळायचा, पुरायचा नाही. त्यामुळे नवा रॅक आधी जायचा तो सरकारी कचेरीत, बँकेत, औषधाच्या दुकानात. घरात यायचा तो बहुतेक जुना होऊन. कचेरीने लिलावात काढलेला, करड्या-हिरव्या रंगाचा, अंगभर ठोके मारल्यासारखा दिसणारा. त्या रंगाला हॅमरटोन म्हणतात. ते ठोके खोटे असतात, रंगच तसा वाळतो. कारखानदाराला तो आवडायचा कारण पत्र्यावरचे खरे पोचे त्यात दडून जायचे. आमच्या घरात असा एक रॅक होता, त्याच्या फळीवर पांढऱ्या रंगात कुठल्याशा खात्याचा नोंदणी क्रमांक. आई त्याला शेवटपर्यंत 'हापिसचं' म्हणायची.

जानेवारी १९९२ मध्ये पोलादाचे भाव सरकारी बंधनातून सुटले. खासगी कारखान्यांचा पत्रा मुबलक झाला, हॅमरटोन मागे पडला आणि पावडर कोटिंग आलं. यात ओला रंग नसतो. कोरडी भुकटी विजेच्या भाराने पत्र्याला चिकटवतात आणि भट्टीत वितळवतात. थर एकसारखा बसतो आणि ब्रशच्या रंगापेक्षा टिकतो. पण एक मेख आहे. कोटिंग झाल्यावर पट्टी कापली, किंवा नवं भोक पाडलं, की ती कड उघडी पडते. गंज तिथूनच धरतो. दुसरी जागा पायाची. फरशी पुसताना पाणी अँगलच्या टोकाशी साचतं, टोकावर चढवलेला प्लास्टिकचा बूट फुटलेला असला तर वर्ष-दोन वर्षांत पाय खायला लागतो. कोकणात आणि मुंबईत हे लवकर होतं. रॅक घेताना फळ्या ठोकून बघणारे खूप, बूट बघणारा मला अजून भेटायचाय.

स्वयंपाकघरात मात्र या लोखंडाला कधी मान मिळाला नाही. तिथे स्टील म्हणजे स्टेनलेस. शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीने १९१३ मध्ये क्रोमियम मिसळून न गंजणारं पोलाद तयार केलं. आपल्याकडे ते दीर्घकाळ आयात होत असल्याने महाग. तरी हळूहळू त्याने पितळेला हुसकावलं. कारण सरळ आहे, त्याला कल्हई लागत नाही आणि चिंचेने घासावं लागत नाही. यात बोहारणीचा वाटा मोठा. जुन्या साड्या-पँटी घ्यायच्या आणि बदल्यात स्टीलचं पातेलं द्यायचं; एका पातेल्यासाठी अर्धा तास घासाघीस, शेवटी आणखी एका शर्टावर सौदा. भांडी वाढली, मग ती मांडायला स्टेनलेसचीच मांडणी आली. तारांची, दोन हुकांवर भिंतीला टांगायची. ताटं उभी, वाट्या-पेल्यांना वेगळा खण, कपांना आकडे, चमच्यांना बाजूला छोटा डबा. फळीऐवजी तारा कशाला, तर ओली भांडी तशीच ठेवता यावीत आणि पाणी खाली ओट्यावर ठिबकावं. लाकडी मांडणीवर हे जमलं नसतं. १९८० च्या दशकात तमिळनाडूतल्या सेलमचा सरकारी कारखाना चालू झाला आणि भांड्यांचं स्टील देशातच जास्त प्रमाणात बनू लागलं.

मांडणी घेताना खिशातून लोहचुंबक काढणारे गृहस्थ दर दुकानात एक तरी असतात. चिकटलं तर नकली, नाही चिकटलं तर अस्सल, असा त्यांचा निकाल. तो अर्धाच खरा आहे. ज्या जातीच्या स्टेनलेसला ३०४ म्हणतात त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. त्याला चुंबक चिकटत नाही. पण निकेल महाग, म्हणून ते कमी करून मँगनीज घातलेल्या २०२ सारख्या जाती निघाल्या. त्यांनाही चुंबक चिकटत नाही. खाऱ्या हवेत मात्र त्यांच्यावर लवकर तांबूस डाग पडतात. उलट ४३० या जातीला चुंबक घट्ट धरतं आणि तरी ती स्टेनलेसच. म्हणजे गृहस्थांचा चुंबक स्वस्त माल पास करतो आणि चांगल्याला नापास. बिलावर जात लिहून मागणं, हाच त्यातल्या त्यात बरा उपाय.

राहता राहिली जोडणी. गेल्या वर्षी आत्यासाठी पाच फळ्यांचा रॅक मी हौसेने स्वतः जोडला. एका फळीच्या चार कोपऱ्यांना दोन-दोन बोल्ट, म्हणजे आठ. पाच फळ्यांना चाळीस. दुकानदाराने बोल्ट दिले 'दोन सुती'. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा दोन सुती म्हणजे पाव इंच. मी घरातला बारा नंबरचा पाना लावला, तो मिलिमीटरच्या मापाचा, पाव इंची नटावर सैल. घसरत, नटाचे कोपरे गोल करत चाळीस बोल्ट आवळले. उभा केला तर रॅक पतंगासारखा तिरका. चारही पाय जमिनीवर, फळ्या सपाट, आणि तरी सगळं एका बाजूला कललेलं.

कारण कोमिनोच्या त्याच लांबट भोकांत. जे चुकीला माफ करतं ते डगमगूही देतं. त्रिकोण मोडल्याशिवाय वाकत नाही. चौकोन मात्र कोपऱ्यांतून कोलमडतो. म्हणून सोबत त्रिकोणी कोपरपट्ट्या देतात. मी त्या पिशवीतच ठेवल्या होत्या, शोभेच्या असतील म्हणून. वरच्या आणि खालच्या फळीला त्या लावायच्याच असतात. आणि आधी एकही बोल्ट पूर्ण आवळायचा नसतो. सगळे हाताने धरते ठेवायचे, रॅक उभा करायचा, कर्णाला सुतळी लावून दोन्ही कर्ण सारखे आले की मग पाना. उंच, अरुंद रॅक असेल तर वरून भिंतीला एक क्लँप.

फळीचंही असंच. तिची ताकद पत्र्याच्या जाडीपेक्षा कडेच्या घडीत जास्त असते. सपाट पत्रा हाताने वाकतो. तोच चारी बाजूंनी इंचभर खाली दुमडला की माणूस उभा राहतो. वीस-बावीसचा वाद घालण्याआधी फळी उलटी करून बघावी. कड एकदा दुमडली आहे की दोनदा, आणि खालून मधोमध पट्टी आहे का. पंधरा किलोचे पाच डबे ओळीने ठेवले की पंचाहत्तर किलो होतात, आणि फळी झोळ खाते ती मधोमध.

शेवटी दुकानातला पोरगा आला. विशी-बाविशीचा, खिशात दोन पाने, टेप नाही. माझे सगळे बोल्ट त्याने सैल केले, कोपरपट्ट्या लावल्या, गुडघ्याने एक धक्का देऊन रॅक काटकोनात आणला. मग आत्याला म्हणाला, "आजी, तुमचा सगळ्यात उंच डबा कुठला?" तिने गव्हाचा डबा दाखवला. त्याने तो खालच्या फळीवर ठेवला, झाकण उघडून उभं धरलं आणि झाकणाच्या वर बोटभर जागा सोडून दुसरी फळी तिथे लावली. तिसरी डाळींच्या डब्याने, चौथी लोणच्याच्या बरणीने. सगळ्यात वरच्या फळीवर काय, विचारल्यावर आत्या म्हणाली, "तिथे काही नको. दिवाळीला पणत्या मांडीन."